रेतीवरची मलई

“पाणी माह्यासंगं दुश्मनी करून राह्यलं बाई. दुसरं काई नाई.”

टाकीखालून पुटपुट आली. बोलणारं माणूस कंबरेपर्यंत ओट्याच्या पोकळीत शिरलेलं होतं. बाहेर दिसत होते ते फक्त दोन भेगाळलेले पाय, आणि त्यातल्या एकात अडकून राहिलेली चप्पल. गुणाबाई इतकी जवळ उभी होती, की पुटपुटीमागचा सुस्कारासुद्धा तिला ऐकू आला.

“पाना द्या जरा.”

गुणाबाईनं पाना उचलला, पायांशेजारी फरशीवर ठेवला आणि हात मागं घेतला. पोकळीतून एक काळपट हात बाहेर आला, फरशी चाचपत पान्यापर्यंत पोचला आणि पाना घेऊन आत गेला. दहा वर्षांची सवय होती ही. त्यानं मागायचं, तिनं ठेवायचं, त्यानं उचलायचं. हातातून हातात काही जात नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नव्हता. ब्र काढण्यासारखं त्यात काही आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं म्हणा ना.

पाय होते वडशाच्या जलालुद्दीन मिस्त्रीचे. पत्र्याच्या कामात त्याच्यासारखा माणूस वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर नव्हता. ट्रंका, कंदील, धान मोजायच्या पायल्या, सगळ्यांना त्याचा डाख लागलेला. गुणाबाईची फुटकी बादली त्यानं तीनदा जिवंत केली होती. आंबेटोल्याला सरकारनं चार खाटांचा बाळंतपणाचा दवाखाना बांधला आणि पाणी गाळायची टाकी बसवायची ठरली, तेव्हा ओवरसियरनं त्यालाच बोलावलं. गुणाबाई त्या दवाखान्यात दाई होती. सरकारी कागदावर ‘आया’. पण पन्नास वर्षांच्या बाईला आया म्हणायला गावाची जीभ वळत नसे.

दवाखान्याचं पाणी बोडीचं, म्हणजे गावच्या लहान तळ्याचं. म्हशी बसायच्या त्याच बोडीचं. जिल्हा नागपूरच्या सरकारकडून काढून मुंबईच्या सरकारकडं दिला त्याला वर्ष उलटलं होतं, पण बोडीतल्या म्हशींना ते अजून कुणी कळवलेलं नव्हतं. म्हणून मागच्या पडवीत ओटा बांधून त्यावर जस्ती पत्र्याच्या तीन टाक्या बसवल्या, पायऱ्यांसारख्या एकाखाली एक. वरच्या टाकीत चौकीदार लटारू कावडीनं पाणी ओतायचा, तिथं गाळ खाली बसायचा. मधल्या टाकीत तळाला गोटे, त्यावर बजरी, त्यावर दोन हात रेती. त्यातून पाणी थेंबाथेंबानं झिरपत खालच्या टाकीत यायचं, आणि खालच्या टाकीला नळ. मधून एक वाकडी नळी मिस्त्रीनं अशी उंच नेली होती, की काही झालं तरी रेती पाण्याखालीच राहावी. त्या नळीवर त्याचा फार जीव. येताजाता तिच्यावरून बोट फिरवायचा.

इतकं करून नागपूरच्या प्रयोगशाळेचा कागद आला, पाणी पिण्यालायक नाही. मिस्त्री आला, सगळं खोलून पाहिलं, पुन्हा बसवलं. महिन्याभरानं दुसरा कागद आला, तसाच. मिस्त्री पुन्हा आला. आता तिसरा कागद आला होता, आणि या वेळी कागदामागून ओवरसियर येणार होता, गुरुवारी. आज सोमवार.

“नळी बराबर. जोड बराबर. कुठी थेंब गळत नाई,” मिस्त्री बाहेर येऊन बसला. दाढीत कोळ्याचं जाळं. “बाई, या टाकीच्या भरवशावर मले पुढच्या सात टाक्या भेटल्या. अहेरी, एटापल्ली, पार सूरजागडच्या पायथ्यापर्यंत. हे फेल झाली त थ्या गेल्या. अन् वडशात लोक म्हनतीन, जलालुद्दीन ट्रंकाच करू जाणे.”

“काऊन म्हनतीन?” गुणाबाई म्हणाली. पण म्हणतील, हे तिलाही माहीत होतं.

मिस्त्री ओट्यावर चढला. मधल्या टाकीचं झाकण उचलून आत वाकला आणि वाकूनच राहिला.

“हे पाहा. या, पाहा इकडं.”

गुणाबाईनं पाहिलं. पाण्याखाली रेती लख्ख. दाणा न् दाणा मोजून घ्यावा अशी. तिला मनात थोडं बरंच वाटलं. मेहनत दिसत होती.

“मलईच नाई!” मिस्त्री म्हणाला. “महिना होऊन गेला, अन् मलई नाई!”

“कोनती मलई?”

“म्या पयल्याच दिवशी नाई सांगतलं? वीस दिवसानं रेतीवर मलई धरंल, तिले हात लावू नोका?”

सांगितलं होतं. गुणाबाईच्या चांगलं लक्षात होतं. विसाव्या दिवशी तिनं झाकण उचलून पाहिलंही होतं. रेतीवर हिरवट, तपकिरी, बुळबुळीत थर. मलई म्हणे! ही मलई, तर म्हशीच्या डबक्यातला चिखल बासुंदीच म्हणायचा. मिस्त्रीला आपल्या कामातली घाण दिसू द्यायची नसेल म्हणून त्यानं गोड नाव दिलं असेल, असं समजून ती गालातल्या गालात हसली होती.

“बाई, रेती काई करत नाई,” मिस्त्री सांगत होता. “रेती म्हंजे फक्त चाळणी. इंजिनेरसाहेबानं मले वडशाच्या टेशनावर बसवून समजावलं. पाण्यातली बीमारी खाते थे मलईच. जित्ती असते म्हनते थे. दिसाले शेवाळ, पन काम देवाचं. तिले हलवाचं नाई, सुकू द्याचं नाई, उगीमुगी राहू द्याचं. ओल्या बाळंतिणीसारखं.”

 गुणाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“चहा ठेवतो,” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

---

चूल पेटवता पेटवता तिला सगळं पहिल्यापासून दिसायला लागलं, आणि काही केल्या थांबेना.

टाकी नवी होती तेव्हाची गोष्ट. पाटलाची म्हातारी सुनेला बाळंतपणाला घेऊन आली होती. नळ पाहून खूश झाली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “बसवली कोनं?”

“वडशाच्या मिस्त्रीनं जी.”

“कोनत्या?”

गुणाबाईनं नाव सांगितलं. म्हातारी “बरं बरं” म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या घरून पाण्याची घागर आली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेची आली. आठवड्यात चारही खाटांखाली चार घागरी. पाणी त्याच बोडीचं, पण कच्चं. आणि नर्सबाईनं कुणालाही विचारलं, की उत्तर एकच, “घरच्या पान्याची सवय हाय जी.” कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं असतं, तर नर्सबाईला भांडता तरी आलं असतं.

घागरीचं पाणी पिऊन एकीला हगवण लागली. गुणाबाईला बाळंतिणींच्या हगवणीची धास्ती. तिची स्वतःची बहीण त्यानंच गेली होती. मग एका दुपारी, नर्सबाई जेवून लवंडली असताना, तिनं मधल्या टाकीतली वरची वीतभर रेती टोपल्यात भरली, लटारूला चार कावडी पाणी आणायला लावलं आणि रेती सात पाण्यानं धुतली. वरून गोमूत्र शिंपडलं आणि रेती होती तशी पसरली. संध्याकाळी पाटलाच्या म्हातारीच्या कानाशी फक्त एवढंच म्हणाली, “टाकी धुतली जी.”

“हो का,” म्हातारी म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून घागरी बंद. सगळ्या बाया नळाचं पाणी प्यायला लागल्या.

या गोष्टीचा गुणाबाईला कोण अभिमान होता! कुणाला दुखवलं नाही, कुणाशी वाद नाही, मिस्त्रीची टाकीही चालू झाली. त्यानंतर मिस्त्री टाकीला हात लावून गेला, की दुसऱ्या दिवशी रेती धुवायची, आणि पुढंही आठवड्याला एकदा, हा नेमच पडला. कागद वाईट आला, मिस्त्री आला. मिस्त्री येऊन गेला, रेती धुतली. रेती धुतली, कागद वाईट आला. बैल घाण्याला फिरतो तसं. फक्त मधोमध आपणच उभ्या आहोत, हे तिला आज कळलं.

आणि फक्त बायांसाठीच धुतली का? या प्रश्नाशी ती आली, आणि दूध उतू गेलं.

मागच्या दाराशी कोनाड्यात मिस्त्रीसाठीचा, कान तुटलेला एक कप असायचा. तिनं तो काढून ओट्यावर ठेवला आणि वरून, उंचावरून, चहा ओतला. आज धार चुकली. अर्धा चहा फरशीवर.

“अर्धा फरशीलेच पाजला बाई,” मिस्त्री म्हणाला.

“दुसरा आनतो.”

आतून नर्स आशाबाईंची हाक आली. “गुणाबाई, उकळलेलं पाणी आण लवकर. सोमारीला पुन्हा जुलाब झाला.”

---

सोमारी तिसऱ्या खाटेवर होती. कोरचीकडच्या जंगलातली, पहिलटकरीण, पाच दिवसांची बाळंतीण. नवऱ्यानं दोन दिवस चालत आणि उरलेली वाट गाडीत घालून आणली आणि धान झोडायचं राहिलंय म्हणून परत गेला. घरी ती झऱ्याचं पाणी प्यायची. इथं पहिल्याच दिवशी नळाकडं बोट दाखवून म्हणाली होती, “बाई, मले त्यातलं दे. सरकारी.” गुणाबाईनं तिला पेला भरून दिला होता. रोज देत होती. आपल्या हातानं.

आता तिचे डोळे खोल गेले होते. पोर छातीशी लुचत होतं आणि रडत होतं, कारण आत काही उरलंच नव्हतं. आशाबाई मीठ घातलेली भाताची पेज चमच्या-चमच्यानं पाजत होत्या. आशाबाई नागपूरच्या, तिशीतल्या. कामाला वाघीण, पण गावाशी बोलताना काचेवरून चालल्यासारख्या.

“पोर वाचंल ना जी?” गुणाबाईनं विचारलं.

“आई वाचली तर पोर वाचेल. आजपासून सगळं पाणी उकळून द्यायचं. एक थेंब कच्चा नाही.”

त्या दिवशी गुणाबाई बसली नाही. जिथं बसे तिथून उठे. पाणी उकळून झालं, की पातेली घासायला घेई. घासलेली पातेली पुन्हा घासे. अंगण झाडून झालं, तर पुन्हा खराटा. लटारू बिडी ओढत बघत होता.

“बाई, जमीन झिजंल.”

ती खराट्यासकट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “लटारू, तू कोनाले सांगतलं काय रे?”

“काय?”

“रेतीचं.”

लटारूनं बिडी विझवली. “म्या काऊन सांगू? म्या फक्त पानी आनलं. कावड वाहनाऱ्याले कोनी इचारते काय, पानी कायले पायजे म्हनून?” मग आवाज उतरवून म्हणाला, “अन् सांगाचं काय त्यात बाई? साऱ्या गावाले मालूम हाय. मालूम असलेली गोष्ट कोनी सांगते काय?”

मंगळवारी ती आशाबाईंकडं गेली. आशाबाई इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या.

“नर्सबाई, थे टाकीची रेती हाय ना…”

“हो,” आशाबाई मान वर न करता म्हणाल्या. “तू धुतेस. मला ओली टोपली दिसली होती.” चिमट्यानं एक सुई उचलून उजेडात धरली. “सफाईसाठी धुतलीस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. ओवरसियरनं विचारलं तर सफाईसाठी, एवढंच सांग.”

“पन नर्सबाई…”

“गुणाबाई, मला इथं अजून दोन वर्षं काढायची आहेत,” आशाबाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता. थकलेला होता.

उरला मिस्त्री. तो पडवीतच मुक्कामाला होता. बुधवारी सकाळी तो रेतीची मूठ तळहातावर घेऊन बसला होता. कधी नाकाशी नेई, कधी उजेडात धरी. गुणाबाईनं कप ठेवला, पण गेली नाही. मनात वाक्य जुळवून आणलं होतं. चुलीपासून पडवीपर्यंत दहा पावलांत त्याचे दहा तुकडे झाले.

“रेतीले वास येते बाई,” मिस्त्री म्हणाला.

“कायचा?”

 तिच्याकडं न बघता त्यानं रेती हळूच परत घमेल्यात सोडली.

“गोठ्याचा,” म्हणाला. आणि लगेच, घाईघाईनं, “म्हंजे, बोडीत म्हशी बसतात ना. त्याईचा असंल.”

बोडीतली म्हैस असल्या लख्ख रेतीत कशी येईल, हे त्यालाही कळत होतं, तिलाही. दोघं समोरच्या पेरूच्या झाडाकडं बघत राहिले. झाडावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

“मिस्त्रीभाऊ…”

“चहा मस्त झाला आज,” मिस्त्री म्हणाला. चहाला त्यानं अजून तोंड लावलं नव्हतं.

---

गुरुवारी सोमारी उठून बसली. पेज मागून घेतली आणि वर मिठाची चिमूटही मागितली. पोराला दूध उतरलं. गुणाबाईनं तिच्या पायाला हात लावला तेव्हा पाय गरम होता. तिला वाटलं, आता बरं वाटेल. वाटलं नाही. उलट जीव जास्तच कासावीस झाला. सोमारी मरणाच्या दारात होती तोवर गप्प राहायला निमित्त होतं. आता ते निमित्तही गेलं.

ओवरसियर सायकलवरून आला. पँटला क्लिपा, डोक्यावर सोला हॅट, हातात तिन्ही कागद. माणूस वाईट नव्हता, पण त्याला दुपारच्या आत परत जायचं होतं.

“तीन वेळा नापास,” तो टाकीला काठीनं ठोकत म्हणाला. “पोरगं तीनदा नापास झालं, तर मास्तर नाव काढून टाकतो. काय मिस्त्री?”

“साहेब, कसूर माह्यी,” मिस्त्री म्हणाला. हात जोडलेले. “रेती बारीक पडली.”

गुणाबाई दारात होती. ती रेती मिस्त्रीनं नदीवरून स्वतः निवडून आणली होती. तीन चाळण्यांतून चाळली होती. तिनं त्याला या पडवीत तीन दिवस चाळताना पाहिलं होतं.

आशाबाई पुढं झाल्या. “साहेब, रेतीचा दोष नसावा. साफसफाईत ती मधून मधून धुतली गेली असावी.”

“धुतली? कुणी?”

“म्या,” गुणाबाई म्हणाली.

ओवरसियरनं तिच्याकडं पाहिलं, आणि हसला. “काय आजीबाई! फार सफाईची आवड दिसते!”

“फार,” आशाबाई चटकन म्हणाल्या. “आमची गुणाबाई म्हणजे… फारच स्वच्छ.”

“भांडे असे घासते जी, का त्यात तोंड पाहून दाढी करा,” खांबाआडून लटारू म्हणाला.

“बाईले घान खपतच नाई साहेब,” मिस्त्री म्हणाला. “तिची नियत साफ हाय. म्याच बराबर समजावलं नाई. मलई मलई म्हनत बसलो. तिले काय कळंल, कोनती मलई?”

चौघांनी मिळून तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. सफाईचं दार. मोठं, हवेशीर. तिनं फक्त मान खाली घालून त्यातून बाहेर पडायचं होतं. दहा वर्षं पान्याच्या आणि कपाच्या बाबतीत सगळे असेच एकमेकांसाठी दार धरून उभे होते, आणि मिस्त्री सगळ्यांत आधी.

“बरं,” ओवरसियरनं कागदावर काहीतरी खरडलं. “टाकी राहू द्या. रेतीला महिनाभर हात लावायचा नाही, मग पुन्हा तपासू. पण मिस्त्री, साध्या आयाला तुम्हाला समजावता आलं नाही, तर तिकडं जंगलात सात ठिकाणी काय समजावणार तुम्ही? बसवणं निम्मं काम, सांगणं निम्मं. त्या सात टाक्यांसाठी मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

मिस्त्रीची मान हलली. हो म्हणून. मग त्याचं बोट त्या वाकड्या नळीवरून एकदा फिरलं, वरून खाली, आणि तो खाली बसून आपली हत्यारं गोळा करायला लागला. हातोडी. कातर. डाख द्यायची सळई.

पाना दाराशी पडला होता, गुणाबाईच्या पायाजवळ.

तिनं तो उचलला. चार पावलं गेली. मिस्त्रीनं सवयीनं आपल्यासमोरची फरशी मोकळी केली, ठेवायला. ती ठेवेना. पाना हातात धरून तशीच उभी राहिली, हात पुढं करून. मिस्त्रीनं वर पाहिलं.

“घ्या ना,” ती म्हणाली.

त्यानं घेतला. लोखंड ऊन झालेलं होतं, दोन्हीकडून.

“झालं का आजीबाई?” ओवरसियर सायकलकडं वळला.

“नाई झालं जी. थांबा.” तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. आतल्या खाटांवरच्या बाया कुजबुजायच्या थांबल्या. “मिस्त्रीभाऊनं चांगलं समजावलं होतं. मलईले हात लावू नोका, असं दोनदा सांगतलं. मले आयकू आलं होतं.”

“गुणाबाई,” आशाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

“राहू द्या ना बाई,” मिस्त्री म्हणाला. त्याहून दबक्या.

“सफाईसाठी नाई धुतली म्या,” गुणाबाई म्हणाली. “मुसलमानाचा हात लागला म्हनून धुतली. बायांसाठी धुतली, असं मनाले सांगत होतो. पन मलेबी चालत नव्हतं.”